चांदी चमकवणाऱ्या समस्त मंडळींना

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ. गरम पाणी, खायचा सोडा, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यात सोडलेलं एक काळपट रोमन नाणं आणि दोन मिनिटांत लख्ख, कालच कोणाच्या मुंजीत आहेर म्हणून मिळाल्यासारखं. खाली 14 अंगठे. एका मावसभावाने तर "तुझ्या कलेक्शनला उपयोगी" म्हणून मला टॅग केलंय. चहा गार झाला माझा.

अरे उपयोगी काय, कर्म माझं! ती काळी झाक म्हणजे मळ नाही. चांदीवर सावकाश चढलेला थर आहे तो, त्याच्यामुळे अक्षरं उठून दिसतात, आणि नाणं जुनं आहे की कोणी परवा साच्यात ओतलंय याचा पहिला अंदाज आम्ही त्यावरूनच घेतो. तो घालवलात की उरतो पांढराफटक चेहरा, फेशियल करून आल्यासारखा. (जमिनीतून निघालेलं जवळजवळ प्रत्येक नाणं कोणीतरी कधीतरी साफ केलेलंच असतं, हे मला माहितीये, कमेंटमध्ये शिकवू नका.)

माझ्याच घरात झालंय हे. 2019 ची दिवाळी, आई सहा महिन्यांसाठी इकडे इंग्लंडात, रेडिंगला आली होती. माझ्याकडे फाउस्टिनाचा डिनारियस होता, मी घेतलेलं पहिलं रोमन चांदीचं नाणं, 70 पाऊंड. आईने लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी निरांजन, करंडा आणि वाट्यांबरोबर तोही टूथपेस्ट लावून घासला. जुन्या ब्रशने. खसाखसा.

ही फाउस्टिना म्हणजे सम्राट अँटोनायनस पायसची बायको. इ.स. 140 च्या सुमारास गेली, आणि ती गेल्यावर या माणसाने तिच्या नावाने इतकी नाणी पाडली की आजही माझ्यासारख्या पगारदाराला ती परवडते. रोममध्ये फोरमला, म्हणजे जुन्या शहराच्या मुख्य चौकात गेलात तर तिचं देऊळ अजून उभं आहे, आत आता चर्च आहे. नवऱ्याने तिच्या नावाने अनाथ मुलींसाठी निधी पण काढला. नाण्यावर डोक्याच्या अगदी वर वेण्यांचा अंबाडा, त्यात मोत्यांचे सर गुंफलेले, केसाची बट न् बट दिसायची. दिसायची.

आणि चांदी चांदी म्हणून जे घासत सुटता, ती सगळी सारखी नसते हो. सम्राट नीरोने इ.स. 64 साली नाण्याचं वजन उतरवलं आणि चांदीही कमी केली, सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात जवळजवळ निम्मी भेसळ, आणि पुढे 260 नंतर गॅलिएनसकडे येईपर्यंत 'चांदीचं' नाणं म्हणजे तांब्यावर नुसता मुलामा. त्यावर ब्रश मारा, तांब्याचा तुकडा हातात येईल. काही चांदी तर जमिनीत राहून आतून इतकी ठिसूळ होते की टेबलावरून पडली तरी बिस्किटासारखी मोडते. पण व्हिडिओवाल्याला काय, त्याला व्ह्यूज हवेत.

हो, म्युझियमवाले पण साफ करतात. मान्य. ते शिकलेले असतात, त्यांच्याकडे मायक्रोस्कोप असतो. बास.

2010 मध्ये इथेच सॉमरसेटला, फ्रोमजवळ, डेव्ह क्रिस्प नावाच्या माणसाला मेटल डिटेक्टरने नाणी सापडली. पेशाने हॉस्पिटलमधला शेफ. थोडं उकरलं, खाली अख्खा माठ आहे हे लक्षात आलं, तसा हा बाबा थांबला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवलं. 52,503 नाणी निघाली, त्यात कॅरॉसियसचे (ब्रिटनमध्ये बंड करून सम्राट झालेला हा) अस्सल चांदीचे पाच डिनारियस. थराथराने काढता आली म्हणून माठ एका दमात भरला असावा एवढं तरी कळलं. हात शिवशिवले नसतील का त्याचे? पण थांबला.

मी नाही थांबवलं आईला. मगाशी "आईने घासला" असं लिहून मोकळा झालो खरा, पण तिने विचारलं होतं. सिंकपाशी उभी राहून हाक मारली, "अरे, ही अंबाड्याची बाई पण घेऊ का घासायला?" मी ऑफिसच्या कॉलवर होतो, म्यूट करून "हो हो घे" म्हणालो, वर न बघता. आणि तिला देव्हाऱ्यात लक्ष्मीच्या नाण्याशेजारी नेऊन ठेवलं कोणी होतं? मीच, हौस म्हणून. वर संध्याकाळी आईवरच ओरडलो. अठराशे-एकोणीसशे वर्षं काय, इतिहास काय, वाट्टेल ते बोललो. तिने ओल्या हाताने नाणं पदराला पुसून माझ्यापुढे ठेवलं, आणि मग दोन दिवस माझ्या घरातल्या कुठल्याच वस्तूला हात लावला नाही, चहासुद्धा विचारून करायची.

तर मावसभावा, तुझ्यावर एवढा राग नाही. व्हिडिओ तेवढा डिलीट कर.

फाउस्टिना अजून देव्हाऱ्यातच आहे. मानेपाशी आणि कानामागे आता जराशी राखाडी झाक यायला लागलीये, उदबत्तीच्या धुराने असेल. मगाशी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. चष्मा लावून, फोन अगदी नाकाशी धरून बघत होती, मग म्हणाली, "काळवंडतेय रे. म्हणजे आता बरी आहे ना ती?"