श्रोता हेडफोनवाला, म्हणून मिक्सही हेडफोनवरच?

"आता सगळे हेडफोनवरच ऐकतात. मग मिक्सिंगला मॉनिटर स्पीकर कशाला? चांगला हेडफोन घ्या, झालं काम." मिक्सिंग म्हणजे गाण्यातले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवून त्यांचा तोल साधणं; मॉनिटर म्हणजे त्यासाठीचे खास स्पीकर. घरच्या घरी गाणी करणाऱ्या पोरांमध्ये हा सल्ला फार फिरतोय. मला तो पटत नाही.

आधी "सगळे हेडफोनवर" हेच घ्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपास भीमगीतं वाजतात ती स्पीकरवर. चहाच्या टपरीवर, ऑटोत, मांडवात तर बरेचदा एकाच डब्यातून गाणं येतं. म्हणजे डावं-उजवं एकत्र, मोनो.

खरा घोळ तिथेच होतो. एका भीमगीताचा कोरस मी हेडफोनवर प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं छोटं साधन) लावून रुंद केला होता. कानात काय सुरेख पसरला होता! नागपूरच्या धरमपेठेत मित्राच्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर लावला, तर ढोलकी जागेवर, मुख्य गायक जागेवर आणि कोरस जवळजवळ गायब. प्लगइनने एका बाजूची फेज उलटवली होती, म्हणजे एका बाजूची लहर वर जाते तेव्हा दुसरीची खाली. दोन्ही बाजू एकत्र येताच त्यांनी एकमेकींना खाल्लं. हेडफोनवर डाव्या कानाला फक्त डावा चॅनेल मिळतो, दोघांची गाठच पडत नाही. स्पीकरसमोर मात्र डावा आवाज उजव्या कानापर्यंतही जातो, सेकंदाच्या साधारण चार हजाराव्या भागाइतका उशिरा आणि डोक्याच्या आडोशाने वरचे सूर थोडे दबून. म्हणून पॅनिंगचा, म्हणजे कुठला आवाज किती डावीकडे-उजवीकडे ठेवायचा याचा अंदाजही हेडफोनवर चुकतो.

"छोट्या खोलीत स्पीकर फसवतात." हे खरं आहे. १० बाय १२ फुटांच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास बेस घुमतो, आणि नेमकं मधोमध बसलात तर तोच हरवतो. खुर्ची थोडी सरकवून बघा. पण हेडफोनही फसवतोच: चष्म्याच्या काडीने गादीखाली फट पडली की बेस गळतो.

हेडफोन हवाच. क्लिक, श्वास, एडिटचे सांधे त्यावरच सापडतात. मे महिन्यात कूलर घरघरत असताना तर दुसरा इलाज नसतो. आवाजांचा तोल मात्र मी रात्री कूलर बंद करून, घामाघूम होत, स्पीकरवरच ठरवतो; आवाज बारीक, मोनोचं बटण दाबलेलं.

तो कोरस? प्लगइन काढलं, पोरांकडून दोनदा गाऊन घेतला, एक टेक डावीकडे, एक उजवीकडे. आता त्या डब्यावरही ऐकू येतो.