ग्रहणातला सुई-दोरा आणि बाळाची आतडी

ग्रहण जवळ आलं की तोच मजकूर पुन्हा फिरायला लागतो. पोटुशी बाईने ग्रहणात काही चिरू नये, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो किंवा पोट उघडं राहून आतडी बाहेर येतात. सुई-दोरा हातात घेऊ नये, बाळाची शौचाची जागा शिवली जाते. दारं-खिडक्या लावून बसावं, कारण ग्रहणाचे किरण गर्भात शिरतात. आणि शेवटी, ‘जुन्या लोकांचा अनुभव आहे, सगळ्या लेकीसुनांना पाठवा.’

मी भ्रूणशास्त्र शिकवते. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणानंतर अडीच महिन्यांनी ओळखीतल्या एका घरात शौचाची जागा नसलेलं बाळ जन्मलं. ऑपरेशन नीट झालं, बाळ दूध पितंय. पण त्याची आई मला अजून विचारते, ‘ताई, त्या रात्री मी ब्लाउजला हूक लावत बसले होते. त्यानेच झालं ना?’ हे उत्तर आधी तिच्यासाठी आहे, म्हणून सुरुवात सुईपासून.

तीन आठवड्यांचा भ्रूण म्हणजे तीन पदरांची चपटी चकती असते. चौथ्या आठवड्यात पानाचा द्रोण वळावा तशी ती डोक्याकडून, शेपटाकडून आणि दोन्ही बाजूंनी आत वळते, आणि सगळ्यांत आतल्या पदराची नळी होते. हीच पुढची अन्ननलिका, जठर आणि आतडी. नळीच्या दोन्ही टोकांना पातळ पडदा असतो. तोंडाकडचा चौथ्या आठवड्यातच फाटतो. मागच्या टोकाला मात्र लघवी आणि शौच यांची एकच सामाईक खोली असते. तिच्यात वरून खाली मधली भिंत वाढत येते, दोन वाटा वेगळ्या होतात आणि सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत खालचा पडदा विरून जातो. ही वाटणी अर्धवट राहिली की गुदद्वार तयार होत नाही. सुमारे ५००० जन्मांमागे एका बाळात असं घडतं. शिवल्यामुळे झालं असतं तर वाट नुसती बंद झाली असती. प्रत्यक्षात अशा पुष्कळ बाळांमध्ये गुदाशय बारीक वाटेने मूत्रमार्गात किंवा योनीच्या तोंडाशी उघडतो. जी वाटणी पूर्ण व्हायला हवी होती ती झाली नाही, याची ती खूण असते. कोणत्याही टाक्याने अशी रचना होत नाही.

आता तारखा पाहू. ग्रहणाच्या रात्री तिला सातवा महिना होता. म्हणजे गर्भधारणा मार्चच्या सुरुवातीची, आणि बाळाच्या शरीरात ही वाटणी चालू होती ती एप्रिलमध्ये, फार तर मेच्या पहिल्या दिवसांत. २०२५ साली एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत भारतातच काय, जगात कुठेही ग्रहण झालं नाही. तिने हूक लावले तेव्हा जे व्हायचं ते होऊन चार महिने उलटले होते.

आतडी बाहेर येण्याचा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा आहे, कारण ही गोष्ट वर्गात सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. आपल्या सगळ्यांचीच आतडी एकदा पोटाबाहेर होती. सहाव्या आठवड्यात यकृत इतकं मोठं असतं आणि आतडं इतक्या झपाट्याने लांब होत असतं, की चिमुकल्या पोटात जागाच उरत नाही. मग आतड्याचा वेढा नाळेत उतरतो आणि चारेक आठवडे तिथेच वाढतो. तिथे तो आपल्या मुख्य रक्तवाहिनीभोवती ९० अंश फिरतो. दहाव्या आठवड्यात परत येताना आणखी १८० अंश. या २७० अंशांच्या फेरीमुळे तुमचं-माझं अपेंडिक्स उजवीकडे खाली येऊन बसतं. (हे आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत; डॉक्टर पाळीपासून मोजतात, त्यांच्या हिशेबात दोन जास्त धरावेत.) काही बाळांत आतडी आत परतत नाहीत आणि जन्मतः नाळेच्या मुळाशी पातळ आवरणात दिसतात. काहींत बेंबीशेजारी, बहुतेक वेळा उजवीकडे, पोटाच्या भिंतीत भोक राहतं आणि आतडी आवरणाशिवाय बाहेर असतात. दोन्हींत पोट कोणी चिरलेलं नसतं. ते पुरतं मिटलेलंच नसतं.

ओठाचंही तेच. वरचा ओठ वेगवेगळे उंचवटे एकमेकांना येऊन मिळाल्याने तयार होतो, साधारण सातव्या आठवड्यापर्यंत. ‘फाटला’ म्हणण्याआधी तो अखंड असायला हवा होता, आणि तो अखंड झालाच नव्हता.

मग तीन महिन्यांनंतर काहीच बिघडू शकत नाही का? बिघडू शकतं, आणि हे लपवून वाद जिंकायची मला इच्छा नाही. १९५५ साली केपटाऊनच्या लो आणि बर्नार्ड यांनी (पुढे १९६७ मध्ये पहिलं हृदयारोपण करणारे तेच बर्नार्ड) कुत्रीच्या गर्भातल्या पिल्लांच्या आतड्याचा रक्तपुरवठा बांधून टाकला. तेवढा तुकडा सुकून आतडं तुटक झालं. माणसाच्या बाळातही लहान आतड्याचे काही अडथळे असेच उशिरा होतात. तेव्हा बाळाच्याच पोटात आतड्याला पीळ पडलेला असतो किंवा रक्त अडलेलं असतं. आईच्या हातातल्या दोऱ्याची गाठ तिथवर पोहोचत नाही.

किरणांबद्दल थोडक्यात: चंद्रग्रहणात आपल्याकडे येणारा प्रकाश उलट कमी होतो. सूर्यग्रहणात धोका आहे तो उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहण्याचा, आणि तो गरोदर असो-नसो सगळ्यांनाच आहे.

राहिला अनुभव. ग्रहणांचा हंगाम दर १७३ दिवसांनी येतो, गरोदरपण त्याहून कितीतरी लांब असतं. म्हणजे जगातल्या प्रत्येक बाळाच्या नऊ महिन्यांत कुठे ना कुठे ग्रहण झालेलंच असतं. धडधाकट बाळाच्या आईला त्या दिवशी काय चिरलंस असं कोणी विचारत नाही. व्यंग असलं की मात्र पंचांग काढून मागे मागे शोध सुरू होतो. मेक्सिकोतही ग्रहणाने बाळाचा ओठ दुभंगतो असं मानतात, आणि तिथे त्यावर उपाय म्हणून गरोदर बाई पोटाजवळ सेफ्टी पिन लावते. आपल्याकडे जे धातूचं टोक वर्ज्य, तेच तिकडे रक्षण करतं.

‘पण पाळलं तर बिघडतं काय?’ पुष्कळ बिघडतं. वेधापासून मोक्षापर्यंत उपाशी राहणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर बाईची साखर धोकादायक खाली येऊ शकते. गर्भवतींना वेधात सवलत तर पंचांगातही दिलेली असते. आणि सुईला दोष दिला की खरी कारणं नजरेआड होतात: गुणसूत्रांतला बदल, गर्भधारणेआधीपासून ताब्यात नसलेला मधुमेह, फिट्सची काही औषधं (ती मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांकडून बदलून घ्यावीत). पुष्कळदा तर कोणतंच कारण सापडत नाही.

तो मजकूर पाठवायचाच असेल तर त्याऐवजी एवढं पाठवा. बाळ जन्मल्यावर शौचाची जागा तपासून घ्या. पहिली काळी-हिरवी शी २४ तासांत झाली का, ते पाहा. झाली नसेल तर डॉक्टरांना सांगा. आणि नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट पाहू नका, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. त्याच घटकेला मुलांचे सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या.