उष्माघात आणि बर्फाचं पाणी : खुलासा

‘उष्माघात झालेल्याला थंड पाण्यात घालू नका, झटका बसून माणूस जातो’ असा मेसेज उन्हाळा आला की घरच्या ग्रुपवर फिरतो. मैदानावर व्यायाम करताना कोसळलेल्या खेळाडूबाबत हा सल्ला चूकच नाही, जीवघेणा आहे.

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर अवघा १९ वर्षांचा होता. २९ मे २०१८ रोजी ११० यार्ड वेगाने धावण्याच्या फेऱ्या मारताना तो ढेपाळला. संघाच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी ना त्याचं तापमान मोजलं, ना त्याला थंड पाण्यात बसवलं. धिप्पाड अंगाचा असल्याने तो टबात बुडेल, ही भीती आड आली, असं चौकशीत निघालं. रुग्णवाहिका बोलवायला तासाहून जास्त गेला. १३ जूनला तो गेला. ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे जबाबदारी घेतली, पण तोवर उशीर झाला होता.

खेळाडूंचे डॉक्टर सांगतात ते उलटंच: आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं, काखेखालून टॉवेल घालून कुणीतरी धरून ठेवायचं. बुडण्याच्या भीतीवर उपाय एवढा साधा. टब नसेल तर ताडपत्रीत बर्फ-पाणी घ्या. रुग्णवाहिकेला फोन त्याच वेळी लावायचा. तापमान काखेत नव्हे, गुदद्वारातूनच मोजायचं. काखेतला आकडा फसवतो. असंबद्ध बडबड, तोल जाणं दिसलं की थर्मामीटरची वाटही पाहू नका.