मालागान ‘वाचवल्या’ कुणी?

पापुआ न्यू गिनीतल्या न्यू आयर्लंड बेटावरच्या एका रंगीत लाकडी मूर्तीचा फोटो सध्या फिरतोय. खालचा मजकूर असा: ‘हे आदिवासींचे हजारो वर्षं जुने देव. अडाणीपणाने ते स्वतःच जाळून टाकत. युरोपीय संग्राहकांनी वाचवले म्हणून उरले. बेटावर आता काहीच शिल्लक नाही.’ यातलं जाळण्याचं तेवढं अर्धं खरं आहे.

‘देव’ नव्हेत. मालागान हा उत्तर न्यू आयर्लंड आणि ताबार बेटांवरचा मृतांसाठीचा विधी, आणि त्यासाठी कोरलेल्या मूर्तींनाही तेच नाव. माणूस गेल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी तो होतो. डुकरं कापली जातात, जेवणावळी उठतात, शिंपल्यांच्या माळांच्या चलनात देणी फिटतात. तोवर आडोशाला दडवलेली मूर्ती तेव्हा सगळ्यांसमोर येते. तिची रोजची पूजाअर्चा नसते.

‘हजारो वर्षं’ हे तर उगाच ठोकून दिलंय. संग्रहालयांतल्या बहुतेक मूर्ती 19व्या शतकाचा उत्तरार्ध आणि 20व्याची सुरुवात यांतल्या. व्यापाऱ्यांकडून लोखंडी पाती मिळाल्यावर जाळीदार कोरीवकाम जास्तच नाजूक झालं. लाकूड आपल्या सातविणीच्या जातकुळीतलं, हलकं आणि मऊ. एकाच ओंडक्यात माशाच्या जबड्यात माणूस, त्याच्या खांद्यावर पक्षी, त्याच्या चोचीत साप. रंग तांबडा, काळा, पांढरा. डोळ्याच्या जागी समुद्री गोगलगाईच्या शिंपल्याचं झाकण बसवतात. त्याच्या मधोमध हिरवट ठिपका असतो, त्यामुळे मूर्ती थेट आपल्याकडे बघतेय असं वाटतं.

आता जाळणं. विधी आटोपला की मूर्तीचं काम संपायचं. मग ती जाळत, कुजू देत, किंवा विकून टाकत. हा अडाणीपणा कसला? आपणही दहा दिवस पुजलेला गणपती अकराव्या दिवशी पाण्यात सोडतो. शिवाय खरी मालमत्ता लाकूड नव्हे. आकृती कोरवून घेण्याचा हक्क कुळाचा असतो. विधीत मोबदला देऊन तो पुढच्याकडे जातो, आणि त्याने ती आकृती पाहून ध्यानात ठेवायची असते. पुढच्या वेळी नवा ओंडका.

म्हणजे ‘वाचवलं’ म्हणताना नेमकं काय वाचलं, ते विचारायला हवं. लाकूड नक्कीच वाचलं: अभ्यासक सुझान क्युश्लर यांच्या अंदाजाने जगभरच्या संग्रहालयांत पाच हजारांहून जास्त मालागान मूर्ती आहेत. पण कुणाच्या मृत्यूसाठी, कुठल्या कुळाच्या हक्काने, कुणी कोरली, हे बहुतेक संग्राहकांनी टिपलंच नाही. सगळं लुटून नेलं असंही म्हणता येत नाही, कारण पुष्कळ मूर्ती लोकांनी स्वतः विकल्या. पण 1884 नंतर बेट जर्मन सत्तेखाली होतं, त्याला ‘नॉय मेक्लेनबुर्ग’ असं नाव दिलं होतं, आणि कुरबुर करणाऱ्या गावांवर दंडात्मक मोहिमा निघत. अशा दिवसांतल्या खरेदीला ‘उद्धार’ म्हणणं मला तरी जमत नाही.

‘काहीच शिल्लक नाही’ हेही खोटं. मिशनरी आणि मळ्यांवरची मजूरभरती यांनी विधीला ओहोटी लागली, हे खरं. काही ठिकाणी कोरीव मूर्तीची जागा सिमेंटच्या थडग्याने घेतली. तरी ताबारवर आणि न्यू आयर्लंडवरच्या कावियेंग शहराच्या आसपास मालागान अजून होतात, कोरणारे हातही आहेत, आणि आकृतीचा हक्क विचारल्याशिवाय वापरला तर आजही भांडण होतं.