थप्पड खरी, बाकी भाकड

रामनवमी जवळ आली की हा मजकूर दरवर्षी उगवतो. यंदा आमच्या गावात तो आधी भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला, तिथून बचत गटावर गेला आणि रात्रीपर्यंत कापसाच्या भावाचा जो गट आहे त्यावरही पोचला. मजकूर असा: ललिता पवार ही एके काळची देखणी नायिका. 1942 साली शूटिंगमध्ये एका नवख्या नटानं तिला मुद्दाम जोरात थप्पड मारली. डोळा अधू झाला, करिअर संपलं. चेहरा बिघडला म्हणून नाइलाजानं खाष्ट सासवांची कामं करावी लागली. ओळख मिळाली ती थेट ‘रामायणा’तल्या मंथरेनं. आणि जन्मभर पडद्यावर सुनांना छळलं म्हणून शेवटी कॅन्सरनं गाठलं. कर्म कोणाला सोडत नाही. खाली जोडलेले हात, दहाबारा. आमच्या गटात कोणीतरी शेपूटही जोडलं की बाई मुळात आपल्या अमरावतीच्या.

थप्पड खरी आहे. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात ती बसली, चेहऱ्याच्या डाव्या बाजूला लकवा आला आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. उपचार बराच काळ चालले. पण मारणारे मास्टर भगवान, म्हणजे आपले भगवानदादा, नवखे बिलकूल नव्हते. तोवर ते स्वतः चित्रपट दिग्दर्शित करत होते. दृश्यात थप्पड होती, ती नको तितकी लागली. ‘मुद्दाम’ हा शब्द पाठवणाऱ्याच्या पदरचा.

आता ‘करिअर संपलं’. प्रभातचा ‘रामशास्त्री’ 1944 सालचा, म्हणजे थपडेनंतर दोनच वर्षांनी. त्यात आनंदीबाई कोण? ललिता पवार. नारायणराव पेशव्याला धरण्याच्या हुकुमातला ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई, ज्या दोन अक्षरांवरून आजही आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या ठरावाची चेष्टा होते. समोर गजानन जागीरदारांचा रामशास्त्री. करिअर संपलेल्या बाईला प्रभातवाले असं काम देत नसतात. आणि थपडेच्या आधीचं म्हणाल तर 1928 च्या मूक ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्या पोरवयात पडद्यावर आल्या होत्या, तेव्हा नाव अंबू. 1932 मध्ये ‘कैलास’ या मूकपटाची निर्मिती त्यांनी स्वतः केली. सोळा वर्षांची पोरगी पैसा उभा करून सिनेमा काढते! मजकुरात याचा एक शब्द नाही. ‘देखणी’ म्हटलं की काम झालं.

सगळ्यात खोटा मुद्दा चेहऱ्याचा आहे, म्हणून तिथं जरा थांबतो. ‘चेहरा बिघडला म्हणून खाष्ट कामं’ असं म्हणणाऱ्यानं ‘अनाडी’ पाहिलेला नसावा. 1959 चा चित्रपट. त्यात ललिताबाई मिसेस डिसा आहेत, राज कपूरची घरमालकीण. तोंडानं सतत करवादणारी, आतून त्या पोराला पोटच्या लेकासारखं जपणारी. ती मरते ती कंपनीच्या भेसळीच्या औषधानं, आणि आळ येतो या पोरावर. या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. म्हणजे एवढा मोठा पुरस्कार मिळाला तो मायेच्या बाईच्या कामाला, कजाग सासूला नव्हे. तोच डोळा, तोच चेहरा. रागवताना तो डोळा आणखी बारीक व्हायचा आणि माया करतानाही तसाच व्हायचा; फरक असायचा आवाजात, मानेच्या झटक्यात, कमरेवर ठेवलेल्या हातात. ‘श्री 420’ मध्ये फूटपाथवर केळी विकणारी गंगामाई आठवा. ‘जंगली’ मधली करडी आई पाहा, जिच्या घरात हसायची चोरी होती. ‘मेम दीदी’ तर सरळ त्यांच्या नावावर उभा आहे. हे सगळं डोळ्यानं केलं म्हणायचं तर मग लकवा झालेला प्रत्येक माणूस नट व्हायला हवा होता.

‘रामायणा’चं थोडक्यात. मालिका सुरू झाली जानेवारी 1987 मध्ये. आमच्या बाजूच्या खेड्यांत तेव्हा टीव्ही एखाद्याच्याच घरी, लाइन गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून जोडायची आणि पडद्याला हार घालून बसायचं. त्या पिढीला मंथरा पहिल्यांदा दिसली हे कबूल. पण तोवर बाईंना कॅमेऱ्यासमोर जवळपास साठ वर्षं होत आली होती. मालिका काढणाऱ्या रामानंद सागरांनी त्यांना घेतलं ते त्या साठ वर्षांसाठी. (त्याच मालिकेत कौसल्या जयश्री गडकर आणि दशरथ त्यांचे यजमान बाळ धुरी. अर्धी अयोध्या मराठीच होती.) शिवाय मंथरेचं काम म्हणजे कुबड आणि वाकडं तोंड नव्हे. रामाच्या राज्याभिषेकाची बातमी ऐकून कैकेयी आधी खूश होते, मंथरेला दागिना काढून देते. अशा खूश झालेल्या राणीचं मन फिरवायचं, तेही निव्वळ बोलून. वाल्मीकींनीच ते काम अवघड करून ठेवलंय.

राहिलं कर्म. याचा मला खरा राग आहे. पारावर एकजण म्हणालाच, “मंथराच व्हय थे, तिले तं तसंच पाह्यजे.” आमच्याकडे अजूनही पोरीला स्थळ पाहताना बाया दबक्या आवाजात विचारतात, “सासू कशी हाय? निरी ललिता पवार तं नाई ना?” हा त्या बाईच्या कामाचा दाखलाच आहे. शांतारामबापूंचा ‘दहेज’ 1950 चा. त्यात त्या हुंड्यासाठी सुनेचा जीव नकोसा करणारी सासू आहेत, आणि लोकांना त्या सासूची चीड यावी म्हणूनच तर चित्रपट काढला होता. हुंड्याविरुद्ध काम करणाऱ्या बाईला हुंड्याचं पाप चिकटवायचं, आणि ते कोणी, तर लेकीच्या लग्नात एकर-दोन एकर फुंकून बसलेल्या गावानं! त्यातल्या किती जणांनी सुनेकडून काही घेतलं नाही, ते विचारू नका.

कॅन्सर झाला होता, तोंडाचा. फेब्रुवारी 1998 मध्ये त्या पुण्यात गेल्या, वय एक्याऐंशी. ही देवानं दिलेली सजा असेल तर आमच्या तालुक्यात देव फार घाईत दिसतो. इथं पस्तिशी-चाळिशीची माणसं त्याच दुखण्यानं जाताहेत आणि त्यांनी कुठल्या सिनेमात कुठल्या सुनेला छळलेलं नाही. त्यांनी पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला, दिवसाला पाच-सहा पुड्या. मजकूर पुढं ढकलणाऱ्या भाऊंच्या गालातही त्या वेळी तोच असावा, कारण त्यांच्या व्हॉइस मेसेजमधला एक शब्द धड कळत नव्हता.

आणि अमरावती. बाई येवल्याच्या मानल्या जातात, पैठणीच्या गावच्या. वडिलांचा रेशमी-सुती कापडाचा धंदा. माहेरचं नाव अंबा, तेवढ्यावरून कोणीतरी त्यांना अंबादेवीच्या गावात आणून बसवलं. या हिशेबानं आमची गंगाकाकू हरिद्वारची ठरेल, जी दारव्ह्याच्या पुढं कधी गेली नाही. अमरावतीचा धागा या गोष्टीत आहे, पण तो दुसऱ्या टोकाला: भगवानदादांचा जन्म अमरावतीचा. तेव्हा गटावर अभिमान मिरवायचाच असेल, तर भाऊ, आपल्याकडून गेली ती थप्पड.