जिने कोसळले, सांगाडा उभा राहिला

कराडला माझ्या भावाचं दुकान आहे त्या व्यापारी संकुलात खांबांना तडे गेलेत. गाळेधारकांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, तडे भरा, प्लास्टर करा. दुसरा म्हणतो, पाडा. वाढीव एफएसआयवर, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाच्या परवानगीवर, बिल्डर नवी बांधून देईल. कोयनेचे धक्के सोसलेला हा मुलूख, पण पुढच्या मोठ्या धक्क्यात ही इमारत किती तग धरेल, हे दोघंही विचारत नाहीत.

मी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला राहतो. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात इथे १८५ माणसं गेली, त्यातली ११५ एकट्या सीटीव्ही नावाच्या, कोसळलेल्या इमारतीत. आधीच्या सप्टेंबरातल्या भूकंपानंतर वरवर पाहणी करून तिच्यावर वापराच्या परवानगीचा हिरवा कागद लावला होता. तेव्हापासून 'फक्त प्लास्टर सुटलंय' हे वाक्य मला ऐकवत नाही.

त्याच दिवशी फोर्सिथ बार या उंच कार्यालयीन इमारतीतले काँक्रीटचे जिने कोसळले आणि माणसं वर अडकली. खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा होता. भूकंपात वरचा मजला खालच्यापेक्षा जास्त सरकतो. जिन्याचं एक टोक सरकायला मोकळं नसेल, तर तो चेपतो; त्या टोकाखालची बैठक पुरेशी रुंद नसेल, तर निसटतो. ती इमारत पाडली नाही. दुरुस्त होऊन २०१७ मध्ये तिथे हॉटेल सुरू झालं.

भावाच्या संकुलाचं दुखणं तळमजल्यात आहे. खाली नुसती शटरं, वर विटांच्या भिंती. वरचा भाग ताठ राहतो आणि सगळा हेलकावा खालच्या खांबांवर येतो. २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादेत अशाच, खाली मोकळ्या ठेवलेल्या कितीतरी इमारती बसल्या. उपाय आहेत: खांबांना नव्या सळ्यांसह काँक्रीटचं जॅकेट, मोक्याच्या जागी पायापासून वर नेलेली काँक्रीटची भिंत किंवा पोलादी तिरकस आधार. त्यात कुणाचं तरी शटर अरुंद होणार. त्याला भरपाई किती, यावर भांडा ना!

इथलं सगळंच आदर्श नाही. शहराच्या मध्यभागी शेकडो इमारती पाडल्या गेल्या, आणि मजबुतीकरणाचा खर्च पेलत नाही ही मालकांची तक्रार खरी आहे. पण नव्या इमारतीच्या निकषांच्या एक तृतीयांश ताकदही नसलेल्या इमारतीवर 'भूकंपात धोकादायक' अशी नोटीस लावायची तरतूद इथे कायद्यात आली. आपल्याकडच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं लक्ष बहुतेक गंज आणि गळतीवर असतं. भूकंपात टिकायच्या ताकदीचा असा आकडा आपल्याही दारावर हवा, असं माझं ठाम मत आहे.

भावाला मी एवढंच सांगितलंय: पाडायचं की दुरुस्त करायचं यावरचं मतदान पुढे ढकला, आधी इंजिनिअरकडून तळमजल्याच्या खांबांचं भूकंपाचं गणित करून घ्या. त्याच्या फीतला माझा वाटा मी पाठवतोय.