काळारामच्या दारात बसून काय मिळालं?

सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: अहिंसेचे डोस फक्त हिंदूंना पाजतात, इतर धर्मांत ती भानगडच नाही, सत्याग्रहाने अन्याय हटत नाही, अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात वर्षानुवर्षं बसून काय मिळालं, आणि सर्वधर्मीय शांतता बैठका म्हणजे चहा, शाल-नारळ, फोटो. खाली 'जागे व्हा'.

पहिला मुद्दा धडधडीत खोटा, लवकर उरकतो. सरहद्द गांधी खान अब्दुल गफार खान यांच्या खुदाई खिदमतगार या पठाणांच्या संघटनेत यायचं तर हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही अशी शपथ घ्यावी लागे. तीही पठाणांनी! २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडायचा हुकूम सुटला, तेव्हा ब्रिटिश फौजेतल्या चंद्रसिंह गढवालींच्या तुकडीने तो मानला नाही आणि शिक्षा भोगली. शिपाई हिंदू, समोरचे मुसलमान. तिकडे अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग स्वतः बाप्टिस्ट पाद्री. कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी १९६५ मध्ये निघालेल्या सेल्माच्या मोर्चात त्यांच्या रांगेत अब्राहम हेशेल हे ज्यू धर्मगुरू होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.

आता काळाराम. नाशिककरांनीच हा दाखला फिरवावा याचं नवल वाटतं. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मोर्चा पंचवटीत आला, तर मंदिराचे दरवाजे बंद. मग दरवाज्यांपुढे ठिय्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. रामनवमीला रामाचा रथ सवर्ण आणि अस्पृश्य, सगळ्यांनी मिळून ओढायचा असं ठरलं होतं. ऐनवेळी रथ पळवला गेला आणि दगड आले. ते रामाच्या दर्शनाला आलेल्यांवर पडले, आणि मारणारे हिंदूच होते. 'फक्त हिंदूंनाच अहिंसा शिकवतात' म्हणणाऱ्याने एवढं तरी आठवावं.

मंदिर तेव्हा उघडलं नाही, हे खरं. आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी लढा काही वर्षं नेटाने चालवला, तरी दार बंदच. पण बाबासाहेबांनीच १९३४ मध्ये गायकवाडांना पत्रातून कळवलं होतं की मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा नव्हता, समाज जागा व्हावा म्हणून होता. तो झाला. पुढच्याच वर्षी येवल्यात त्यांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' असं जाहीर केलं. दार लावून बसलेल्यांनी काय गमावलं, याचा हिशोब फॉरवर्डवाल्याने मांडलेला नाही. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ ला आला, अस्पृश्यता संविधानाने संपवली. कायदा काही आभाळातून पडत नाही.

राहिल्या बैठका. चहा-फोटोची टिंगल मलाही पटते. व्यासपीठावर चार धर्मगुरू आणि एका वस्तीच्या पाण्याचा विषय नाही, असे कार्यक्रम आपण सगळ्यांनी बघितलेत. पण शांतता समितीच्या कंटाळवाण्या बैठकीत मिरवणुकीचा मार्ग, वेळ, डीजे ठरतो. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आले. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढला, सरकारने ईदची सुट्टीही २९ ला नेली. याचा फॉरवर्ड मात्र कुठल्या ग्रुपवर आलेला दिसला नाही.